झडपेचा नाद

मेथी उपटायची ती दव असतानाच. ऊन वर आलं की पानं मलूल होतात, आणि बाजारात गिऱ्हाईकानं जुडी उचलली की ती मान टाकते. म्हणून निरवांगीच्या शिवारात, नीरेच्या काठच्या त्या काळ्या रानात, उजाडायच्या आत माणसं वाफ्यात उतरलेली असायची. गेणबाच्या घरची चौघं एका ओळीत बसत. स्वतः गेणबा, त्याची बायको ठमाबाई, मुलगा लखन आणि सून संजीवनी. उकिडवं बसून पुढं सरकायचं, मूठ भरली की मुळांची माती झटकायची, जुडी बांधून मागं टाकायची. संजीवनी या घरात आली तेव्हा तिचा हात बघून ठमाबाई शेजारणींना म्हणाली होती, "माझ्या सुनंला हात न्हाईत बायांनो, यंत्र हाय."

दिवाळी झाली आणि ते यंत्र मागं पडायला लागलं.

गेणबाला ते दिसायच्या आधी ऐकू आलं. निरवांगीत आणि आसपासच्या गावांत कुठंही कीर्तन उभं राहिलं की मृदंग गेणबाचा असायचा. तरणा होता तेव्हापासून. बुवांचा श्वास कुठं सरणार, कुठं ते थांबणार आणि कुठून पुन्हा उचल घेणार, हे बुवांच्या आधी गेणबाच्या बोटांना कळायचं. वाफ्यात पाठमोरा बसलेला असतानाही त्याला ऐकू येत होतं, की सुनेचा श्वास नको त्या जागी तुटतोय. चार मुठी उपटल्या की ती थांबायची. वारा आत घ्यायची, तो पुरायचा नाही, मग दुसरा घ्यायची.

पण बोलायचं कसं? सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही घरची जुनी रीत. काय असेल ते ठमाबाईच्या तोंडून.

"अगं, तिला म्हणावं बांधावर बस जरा," गेणबा म्हणाला.

"तिला न्हाईत व्हय कान? ऐकलं तिनं," ठमाबाई म्हणाली. "बस गं बाई. न्हायतर म्हातारा मलाच मुळासकट उपटंल."

संजीवनी हसली. पण हसायला लागतो तेवढासुद्धा वारा तिच्या छातीत नव्हता. हसता हसता ती वाफ्यातच कलंडली. ओठ पिकल्या जांभळासारखे निळे झाले होते, आणि मुठीतली मेथी तशीच घट्ट धरलेली होती.

कळंबच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, इथं वेळ घालवू नका, बारामतीला न्या. बारामतीच्या दवाखान्यात पडद्यावर तिचं काळीज दाखवलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. संजीवनीनं मान हलवली. आला होता, शाळेत असताना. आईनं एरंडाची पानं शेकून बांधली होती. त्या तापानं काळजातली एक झडप खाल्ली होती. आता ती काढून तिथं दुसरी, माणसानं घडवलेली झडप बसवायची. त्याशिवाय इलाज नाही.

"आन सरकारच्या योजनेत बसतंय का ते?" लखननं चाचरत विचारलं.

"बसतं. खाली खिडकीवर जा. रेशनकार्ड आणलंय ना?"

खिडकीत अनिसा नावाची तरुण बाई होती. तिच्या जाकिटाच्या पाठीवर 'आरोग्यमित्र' असं छापलेलं होतं. आधी संजीवनीचा अंगठा घ्यायचा होता. यंत्र काही केल्या तो घेईना. मातीनं आणि मेथीच्या रसानं बोटांवरच्या रेघा बुजल्या होत्या. मागं रांग वाढत चालली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस मागून पुटपुटला, "ह्या योजनेवाल्यांपायी पैसे भरणारांनी ताटकळायचं."

गेणबाचे कान तापले. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. आयुष्यात तो कुणाच्या दारी हात पसरून उभा राहिला नव्हता. सप्ताहाच्या पंगतीतसुद्धा आधी वाढायला जायचा आणि मग जेवायला बसायचा.

अनिसानं आपल्या ओढणीचं टोक ओलं केलं, संजीवनीचा अंगठा हातात घेतला आणि लेकराचं तोंड पुसावं तसा पुसला. मग यंत्रावर ठेवून आपल्या बोटानं वरून दाबला. हिरवा दिवा लागला.

"बाई," गेणबा खिडकीशी वाकून म्हणाला, "ह्ये पैसं कोण भरतंय?"

"सरकार भरतं आबा."

"सरकारला कोण देतंय?"

अनिसा हसली. "तुमीच की. साबण घेता, डिझेल घेता, काडीपेटी घेता, त्यातलं थोडं थोडं हिकडं येतं. माझंबी हाय त्यात. ह्या मागच्या साहेबांचंबी हाय." इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं मोबाईल काढून त्यात तोंड घातलं. "तुमी माळकरी दिसता. सप्ताहात जेवताना विचारता का, पीठ कुणाच्या घरचं म्हणून?"

"न्हाय बा. कुणाचं म्हणून सांगायचं? समद्या गावाचं एकात मळलेलं."

"मग झालं तर."

गेणबा भिंतीशी जाऊन बसला. त्याच्या डोक्यातून ते जाईना. गावाची पंगत त्यानं पाहिली होती. ही पंगत केवढी! कुठं गडचिरोलीच्या रानात कुणा माणसानं काडीपेटी घेतली. त्याला निरवांगी ठाऊक नाही, संजीवनी ठाऊक नाही. आणि त्याच्या हातून सुटलेला कण चालत चालत तिच्या काळजापर्यंत आला. वाढणारा दिसत नाही, जेवणाराला नाव विचारलं जात नाही. बुवांनी कितीदा सांगितलं होतं, देव असाच देतो, हात न दाखवता. गेणबानं ते ऐकून कितीदा मृदंगावर थाप मारली होती. आज त्या वाक्याचा अर्थ त्याच्यापुढं खुर्चीवर बसून अंगठे पुसत होता.

मंजुरी आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्यांनी समजावून सांगितलं, काळीज थांबवावं लागतं, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवतात, झडप बसली की ते पुन्हा सुरू करतात.

"थांबवलं?" गेणबा उठून उभा राहिला. "काळीज थांबवलं हुतं?"

"हो आबा. आता सुरू आहे, छान चाललंय."

"मग तेवढा येळ ती कुठं हुती?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना आजवर कुणी विचारला नसावा. "इथंच होती," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे तिला धरून होतो." आणि त्या गेल्या. गेणबानं त्या चालल्या त्या दिशेला वाकून फरशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

संजीवनीला साध्या वॉर्डात आणलं त्या दुपारी गेणबा दाराशी उभा होता. वॉर्ड निवांत होता. त्या शांततेत त्याला ऐकू आलं. टिक्. टिक्. टिक्. बारीक, कोरडा, नखानं पितळेच्या वाटीवर मारावं तसा स्वच्छ. त्यानं भिंतीवर घड्याळ शोधलं. नव्हतं. उशाला पाहिलं, तिथंही नव्हतं.

"घड्याळ शोधताय होय आबा?" सलाईन बदलणारी नर्स म्हणाली. "तुमच्या सूनबाईंचंच आहे ते. नवी झडप वाजते."

गेणबाच्या अंगावर सरसरून काटा आला.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या आणि त्याचं तोंड बघून हसल्या. "जवळ या, नीट ऐका."

"नगं, नगं," गेणबा दोन पावलं मागं सरला. "सून हाय माझी. हितनं येतंय की ऐकायला."

"येतंय? चांगले कान आहेत. मग हा आवाज ध्यानात ठेवा. असाच खणखणीत राहिला पाहिजे. तो कधी बसका झाला, दबला, तर वाट बघायची नाही, तडक इथं यायचं. आणि लखन, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. दर महिन्याला रक्त तपासायचं. पालेभाजी बंद नाही, पण रोज सारख्याच मापानं. एकदम वाढवायची नाही."

लखननं मान डोलावली. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "पालेभाजी बंद न्हाय म्हनल्यात." ते खरंच होतं. बाकीचं वाटेत कुठंतरी गळालं.

घराला नव्या नादाची सवय व्हायला थोडे दिवस गेले. पहिल्या दिवशी ठमाबाई कंदील घेऊन आढ्याला पाल शोधत होती. "कवाधरनं चुकचुकतीय मेली," म्हणत होती. लखननं सांगितल्यावर ती मटकन खाली बसली आणि मग तिनं सुनेची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गेणबा दुपारी ओसरीवर टेकायचा, आत संजीवनी भाकरी थापायची, आणि थापण्याच्या आवाजाखालून तो दुसरा आवाज यायचा. नकळत त्याची बोटं गुडघ्यावर फिरू लागायची. बुवा थकतात, टाळकरी थकतात, गेणबाचे स्वतःचे हात आता थकत. हे मात्र थकत नव्हतं. रात्रंदिवस कुणी अज्ञात माणूस तिच्या छातीत बसून नाम घेतोय, असं त्याला वाटायचं.

संजीवनीचे ओठ लाल झाले. तिला वाफ्यात उकिडवं बसायची मनाई होती, पण बांधावर पाट घेऊन ती जुड्या बांधायची. चार महिन्यांत पुन्हा वाफ्यात बसेन, असं लखनला सांगायची.

माघ उजाडला आणि मेथीचा बाजार पडला. सगळ्यांनीच एकदम पेरली होती. लखन टेम्पो भरून बारामतीला न्यायचा आणि निम्मा माल परत आणायचा. उपटणीला हयगय करून चालत नव्हतं, वाफा जून झाला तर त्यात नांगरच घालावा लागतो. घरातली सगळी माणसं पहाटेपासून रानात. रक्ताच्या तपासणीची तारीख येऊन गेली. "एवढा तोडा हू दे," लखन म्हणाला, "मग जाऊ." संजीवनीही म्हणाली, "मला काय हुतंय? मी ठणठणीत हाय."

परत आलेली मेथी ओसरीत ढीग लावून पडायची. जनावरांना घातली. शेजाऱ्यांनी घेतली, मग त्यांनीही दार लावून घेतलं. उरली ती घरात शिजली. सकाळी मेथीची परतून भाजी, दुपारी डाळमेथी, संध्याकाळी मेथी घातलेली भाकरी. "देवानं दिलेलं उकिरड्यात घालायचं व्हय?" ठमाबाई म्हणायची. सुनेच्या ताटात ती सगळ्यांत जास्त वाढायची, कारण सून आजारातून उठलेली. शिवाय रक्त वाढावं म्हणून शेवग्याचा कोवळा पाला वाटून त्याचा रस रोज सकाळी पेला भरून तिच्या हातात द्यायची. संजीवनी नाक दाबून तो प्यायची आणि म्हणायची, "आत्या, अजून थोडे दिवस पाजलं तर मला पालवी फुटंल."

गावचा सप्ताह त्याच महिन्यात होता. काल्याच्या दिवशी सकाळी गेणबा धूतवस्त्र नेसून ओसरीत मृदंग घेऊन बसला. लखन अंगणात टेम्पोत जुड्या रचत होता. इंजिन सुरूच होतं. टाळकरी सोपान बोलवायला येऊन दारात उभा होता. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा त्याचा घुमारा खाली उतरतो. ती कणीक घट्ट मळून द्यायचं काम संजीवनीनं घरात आल्यापासून आपल्याकडं घेतलं होतं. तिनं ताटलीत गोळा आणला आणि खाली वाकून सासऱ्यापुढं ठेवला.

ती जवळ आली की आवाज यायचा. गेणबा त्याची वाट बघत होता. आला नाही.

"लखन, गाडी बंद कर."

"आवं, बंद केली की फिरून चालू हुत न्हाय ती..."

"बंद कर म्हनतोय न्हवं!"

इंजिन थांबलं. गेणबानं श्वास धरला. आता आला, पण कसा? पहाटेच्या दवात मृदंग उघडा राहावा, त्याच्या तोंडावरची काळी शाई ओलसर व्हावी, आणि मग बोट मारलं की जो मुका, आत ओढलेला आवाज निघतो, तसा. धप्. धप्. मधेच एक ठोका येऊन गेला की नाही, हेही कळेना.

संजीवनी जायला वळली. गेणबा पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलला.

"थांब पोरी."

ती दचकून थांबली. पदर पुढं ओढला.

"दम लागतोय का तुला?"

"न्हाय आबा... जरासा. काल धरनं. काम जास्त झालं आसंल."

"पाठ फिरव. मी कान लावतो."

ठमाबाई चुलीकडून धावत आली. "आवं, काय बोलताय काय! मानसं हाईत दारात. लाज धरा की वाईच."

"लाज मग धरतो," गेणबा म्हणाला.

संजीवनीनं सासूकडं पाहिलं, दारातल्या सोपानकडं पाहिलं. सोपानानं तोंड फिरवून आंब्याच्या झाडाकडं बघायला सुरुवात केली. मग ती वळली आणि पाठ करून खाली बसली. गेणबानं टोपी काढली, गुडघे टेकले आणि सुनेच्या पाठीला कान लावला. पाठ गरम होती, आणि आत श्वास पुन्हा त्याच जुन्या, नको त्या जागी तुटत होता. झडप उघडत होती, पण मिटताना तिला कुणीतरी हात लावून अडवत होतं. त्याला ते स्पष्ट ऐकू आलं.

"लखन, हिला पुढं बसीव. बारामतीला जायचं."

"आबा, तुमास्नी आज काल्याचा मृदंग डोक्यात हाय. ती चालतीय, बोलतीय. माल देऊन येतो, मग सांजच्याला..."

"डॉक्टरीणबायनी आवाज ध्यानात ठेवायला कुनाला सांगितलं हुतं? तुला का मला?"

लखननं टेम्पोचं पुढचं दार उघडलं.

"आन काला?" सोपान म्हणाला. "बुवा उभं ऱ्हायलं असत्याल, गेणबा! मृदंग कोण धरनार?"

"तू धर."

"मला धड ठेका येत न्हाय!"

"मग टाळावर हू दे. देव काय त्यापायी उठून जात न्हाय."

कणकेचा गोळा ताटलीत तसाच राहिला.

टेम्पोत पुढं लखन आणि संजीवनी. मागं मेथीच्या ढिगावर गेणबा आणि ठमाबाई. लासुर्ण्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकेल एवढा ऊस. पुढं जायला वाट मिळेना. टेम्पोच्या मागच्या खिडकीतून गेणबाला सुनेचं डोकं दिसत होतं. आधी ते ताठ होतं, मग काचेला टेकलं. मग ती खोकायला लागली. ठमाबाईनं खिडकीतून हात घालून तिचा खांदा धरला आणि विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागली. लखन हॉर्न वाजवत होता. एका ट्रॅक्टरवाल्यानं शिवी हासडली, "तुझ्या मेथीला कसली घाई लागलीय रं?" लखननं दार उघडून बाजूला बसलेली बायको दाखवली. त्या माणसानं ट्रॅक्टर तिरका घेतला, चाक पाण्याच्या चारीच्या कडेला गेलं, ट्रॉली कलली, वरचा ऊस खाली घसरला. पण वाट झाली. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यांना त्यानं ओरडून सांगितलं, आणि एकामागून एक ती धुडं कडेला सरकू लागली. गेणबा मेथीवर उभा राहून हात जोडत राहिला, डावीकडं, उजवीकडं.

दवाखान्यात पोचेपर्यंत संजीवनीला बसताही येत नव्हतं. अनिसानं खिडकीतूनच पाहिलं आणि ती चाकाची खुर्ची घेऊन पळत आली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा पडदा, पुन्हा ते काळीज. त्यात झडपेचं एक पान हलत होतं आणि एक अर्धं अडकलं होतं.

"झडपेवर रक्ताची गाठ धरलीय," त्या म्हणाल्या. "गाठ विरघळवायचं औषध लगेच सुरू करू. त्याला धोका आहे. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण थांबलो तर झडप बंद पडेल."

"मंजुरी..." लखन म्हणाला. "मागल्या टायमाला लई दिवस..."

"तातडीला फोनवर होतं," अनिसा म्हणाली. तिनं फोन आधीच कानाला लावलेला होता. "तुमी तिच्याजवळ ऱ्हावा. ते माझं काम."

औषध थेंब थेंब उतरू लागलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "गोळ्या चुकल्या?"

"एक न्हाय," लखन म्हणाला.

"तपासणी?"

त्यानं मान खाली घातली.

"खाण्यात काय होतं?"

"घरचंच की वो बाई," ठमाबाई म्हणाली. "मेथी. बाजार पडला म्हणून सकाळ-संध्याकाळ तीच. आन शेवग्याच्या पाल्याचा रस. रगत भरावं म्हणून. म्या सोता वाटून दिला."

डॉक्टरीणबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, गोळी रक्त पातळ ठेवते आणि हिरवा पाला गोळीचा जोर मारतो. थोडा, रोज तेवढाच असला तर चालतो. हा फार झाला.

ठमाबाईनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. नखांत पाल्याचा हिरवा रंग होता. "ह्या हातानं," ती म्हणाली. "ह्या हातानं घातलं गं मी लेकराला."

"आत्याबाईंना रागावू नका," आतून संजीवनीचा तुटका आवाज आला. "मला... आवडतो तो रस."

तिला तो आवडत नाही हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठमाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"रागवत नाही मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेथी पिकवणाऱ्या घराला मी मेथीचं नाव घेऊन सांगायला हवं होतं."

दुपार कलली. अनिसा येऊन सांगून गेली, मंजुरी झाली. खिडकीबाहेर बारामतीचा बाजार सुटल्याचा गलका होता. टेम्पोतली मेथी उन्हात सुकून गेली असणार, कुणी चौकशी केली नाही. लखन जिन्यात बसून होता. ठमाबाई वॉर्डाच्या दाराबाहेर फरशीवर बसली होती. तिला आत ये म्हटलं तरी येईना. "माझी सावली नगं तिच्यावर," म्हणायची.

गेणबा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याला मोठ्यानं नाम घ्यायचं धाडस होत नव्हतं, न जाणो, त्यात तो बारीक आवाज बुडून जाईल. ओठ हलवत तो उभा राहिला. थेंब पडायचा. आत धप् व्हायचं. थेंब पडायचा. त्याला मनात दिसत होतं, इथून कुठं कुठं किती लोक उभे आहेत. ते औषध घडवणारे, फोन उचलणारे, ट्रॅक्टर कडेला घेणारे, ज्यांची नावं कुणालाच कळणार नाहीत असे. सगळ्यांचा एक एक हात त्या पोरीच्या पाठीखाली. आणि एवढे हात असूनही ती निसटू शकते. देवापुढं उभं राहिल्यावर वाटते तशी भीती त्याला वाटली.

उन्हं खिडकीतून पलंगावर आली तेव्हा आवाज बदलला. आधी एक ठोका जरा सुटा आला. मग पुन्हा दबके. मग दोन सुटे. बराच वेळ तसंच, एक स्वच्छ, एक मुका, गळ्यातला कफ सुटत नाही असा. गेणबानं पलंगाची लोखंडी दांडी घट्ट धरली. आणि मग, ज्याचं नाव माहीत नाही अशा कुणीतरी आतला हात काढून घेतला.

टिक्. टिक्. टिक्.

डॉक्टरीणबाई आल्या, नळी लावली, डोळे मिटून ऐकलं. नळी काढून त्यांनी गेणबाकडं पाहिलं आणि मान हलवली. त्याला ते आधीच कळलं होतं, आणि त्यांना तेही कळलं. "हात-पाय नीट हलवतेय, बोलतेय नीट. अजून काही दिवस इथंच ठेवू," त्या म्हणाल्या. "पण सुटली."

संजीवनीनं दाराकडं पाहिलं. "आत्या."

ठमाबाई हलली नाही.

"आत्या, या की हिकडं. मला उठता येत न्हाय."

ठमाबाई भिंत धरून आली. हात पदराखाली लपवलेले होते. संजीवनीनं ते बाहेर ओढले, हिरव्या नखांचे ते दोन्ही हात आपल्या छातीवर ठेवले आणि वरून आपला हात ठेवला. ज्या आवाजाला ती पाल म्हणाली होती, तो आता तिच्या तळव्यांना खालून टिचक्या मारत होता. ती आ वासून सुनेकडं बघत राहिली. डोळ्यांतून धार लागली, पण हात तिनं काढले नाहीत.

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं मोबाईलवरची बातमी बंद केली. कुणीतरी पंखा कमी केला. वॉर्डात बोलणं आपोआप खाली उतरलं, आणि त्या साऱ्या जागेत तेवढा एक नाद राहिला.

गेणबा तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी, फरशीवर मांडी घालून बसला. टोपी नीट केली. पाठ ताठ केली.

"आबा, अहो खाली काय बसता," नर्स धावत आली. "खुर्ची आहे, खुर्चीवर बसा."

"नगं बाई," गेणबा म्हणाला. "ऐकायला बसायचं तर खालीच बसत्यात."